ऑडिओ इंटरफेसचे बिघाड: घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

ऑडिओ इंटरफेस म्हणजे माइक आणि वाद्यांचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारी छोटी पेटी. ‘इंटरफेस गेला’ म्हणून दुरुस्तीला येणाऱ्या पेट्यांपैकी बऱ्याच पेट्या मुळात बिघडलेल्याच नसतात. केबल, पोर्ट, घरचं अर्थिंग नाहीतर एखादी सेटिंग, एवढंच निघतं. खरोखर बिघडलेल्यांतही महागडी चिप जळण्यापेक्षा सॉकेटचं सोल्डर सुटणं, नॉब खराब होणं, अडॅप्टर मरणं हेच जास्त दिसतं. हे बिघाड थोडक्या पैशांत दुरुस्त होतात, तरी लोक पेटी कपाटात टाकतात आणि नवी मागवतात. मला ते फार खटकतं. पुढची उत्तरं एक-दोन माइकच्या छोट्या यूएसबी इंटरफेससाठी आहेत. गाणं, संवादिनी, तबला, गिटार, पॉडकास्ट असं काहीही करत असाल तरी ती लागू पडतील.

बिघाड इंटरफेसमध्येच आहे हे कसं ओळखायचं?

एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, माइक आणि सेटिंग एकदम बदलली तर आवाज सुरू झाला तरी कशामुळे झाला ते कळत नाही. आधी माइक आणि त्याची केबल तशीच ठेवून पहिल्या चॅनेलवरून दुसऱ्यावर लावा. तक्रार माइकबरोबर सरकली तर दोष माइकचा किंवा केबलचा. चॅनेलजवळच राहिली तर पेटीचा. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर तेच करून बघा.

त्यानंतरची खरी कसोटी म्हणजे लूपबॅक. पेटीच्या मागच्या लाइन आउटपुटमधून तिच्याच इनपुटमध्ये बॅलन्स्ड टीआरएस केबल (एकच सिग्नल दोन तारांतून नेणारी) लावायची. स्पीकर बंद, डायरेक्ट मॉनिटर (इनपुटचा आवाज कॉम्प्युटरला वळसा घालून थेट हेडफोनला देणारं बटण) बंद, सॉफ्टवेअरमधलं इनपुट मॉनिटरिंगही बंद, नाहीतर आवाज गोल फिरत राहून किंचाळेल. इनपुट ‘लाइन’वर ठेवा, ‘इन्स्ट्रुमेंट’वर नको. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये १ किलोहर्ट्झचा साइन टोन ०.२५ अँप्लिट्यूडने तयार करा, म्हणजे तो -१२ डीबीला बसतो. तो वाजवत दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा आणि रेकॉर्डिंगही -१२ डीबीला येईल इतका गेन (इनपुटचा सिग्नल मोठा करणारा नॉब) ठेवा. आता गेनला हात न लावता तीच केबल दुसऱ्या आउटपुटला लावा. दोन्ही पातळ्या जवळपास सारख्या आल्या पाहिजेत. एक साधारण ६ डीबीने कमी आली, तर बॅलन्स्ड सिग्नलच्या दोन तारांपैकी एक कुठेतरी तुटली आहे, केबलमध्ये किंवा जॅकच्या सोल्डरला. मोठा केल्यावर टोनच्या लाटेचा माथा एकाच बाजूने कापलेला दिसला, तर त्या वाटेवरचा ऑप-अँप (सिग्नल मोठा करणारी चिप) किंवा त्याचा पॉवर सप्लाय तपासायला हवा.

ही फाइल जपून ठेवा. दुरुस्तीला देताना पेटीबरोबर ती दिली की कारागिराचं अर्धं काम तिथंच होतं.

लाइटच लागत नाही. बोर्ड जळाला का?

बहुतेक वेळा नाही. आधी यूएसबी केबल बदला. हब मधे असेल तर काढा आणि पेटी थेट कॉम्प्युटरला लावा. यूएसबी २.० चा पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट देतो. यूएसबी ३.० चा ९०० मिलिअँपिअर देतो. एवढ्यातच पेटीला स्वतः चालायचं असतं, हेडफोन वाजवायचा असतो आणि ५ व्होल्टचे ४८ करून बाहेरून वीज लागणाऱ्या कंडेन्सर माइकलाही पुरवायचे असतात. लांब, बारीक तारेच्या केबलमध्ये त्यातलंही काही वाटेतच खर्च होतं. ४८ व्होल्टचं बटण दाबलं की लगेच पेटी बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तर वीज कमी पडते आहे असं आधी समजा.

केबल चांगली असूनही काही होत नसेल, तर प्लग सॉकेटमध्ये असताना अगदी हलकेच वर-खाली करून पाहा. लाइट लुकलुकला तर सॉकेटचं सोल्डर सुटलंय. लॅपटॉपच्या बाजूला लोंबकळणाऱ्या केबलचा सगळा भार त्या चार-सहा ठिपक्यांवर पडत असतो.

वेगळा अडॅप्टर लागणारी पेटी असेल तर घरातला दुसरा अडॅप्टर ‘पिन बसतेय’ म्हणून लावू नका. गिटार पेडलच्या ९ व्होल्ट अडॅप्टरची मधली पिन सहसा निगेटिव्ह असते, आणि पुष्कळ इंटरफेसना ती पॉझिटिव्ह लागते. काही जुन्या पेट्यांना तर डीसी नव्हे, एसी देणारा अडॅप्टर लागतो. पेटीच्या मागे आणि अडॅप्टरवर छापलेलं चिन्ह, व्होल्ट आणि अँपिअर जुळले पाहिजेत. अँपिअर जास्त चालतात, कमी चालत नाहीत. उलटा अडॅप्टर लागलाच असेल तरी आशा सोडू नका. अनेक पेट्यांत आत संरक्षणाचा डायोड किंवा फ्यूज असतो. तो स्वतः जातो आणि बाकीचं वाचवतो.

लाइट लागतो, पण कॉम्प्युटरला पेटी दिसत नाही.

लाइट लागला म्हणजे फक्त वीज पोचली. डेटाच्या तारा वेगळ्या असतात. मोबाइल चार्जरबरोबरच्या काही केबलमध्ये त्या नसतातच, हे कारण फार वेळा निघतं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अनोळखी उपकरण’ असं काहीतरी उमटत असेल तर पेटी बोलायचा प्रयत्न करते आहे, म्हणजे ड्रायव्हर किंवा फर्मवेअर (पेटीच्या आतला प्रोग्रॅम) पाहा. प्लग लावला-काढला तरी यादीत काहीच हलत नसेल तर सॉकेट किंवा यूएसबी चिप.

फर्मवेअर अपडेट होताना वीज गेली आणि त्यानंतर हे झालं असेल, तर पेटी दुरुस्तीला देण्याआधी कंपनीच्या सपोर्टला विचारा. काही पेट्यांत एखादं बटण दाबून धरत सुरू केल्यावर फर्मवेअर पुन्हा भरता येतं.

सतत ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो आणि माइकला ओठ लागले की झिणझिण्या येतात. हे धोक्याचं आहे का?

याकडे दुर्लक्ष करू नका. दोष बहुधा पेटीचा नसतो, घरच्या विजेचा असतो.

आपल्याकडे वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. म्हणून हा घूं ५० आणि १०० हर्ट्झला ऐकू येतो. लॅपटॉपचा दोन पिनांचा अडॅप्टर घ्या. त्यात विजेतली गडबड दाबण्यासाठी मेन्सच्या बाजूपासून आउटपुटच्या बाजूपर्यंत एक छोटा कॅपॅसिटर टाकलेला असतो. त्यातून अगदी किंचित करंट गळतो. अर्थिंग नसेल तर त्याला जायला वाट नसते, आणि लॅपटॉपची धातूची बॉडी, यूएसबी केबलचं कवच, इंटरफेसची पेटी, माइकची जाळी हे सगळं निम्म्या मेन्सच्या आसपासच्या व्होल्टेजवर तरंगत राहतं. मल्टिमीटर लावला तर शंभरच्या आगेमागे आकडा दिसतो. करंट मिलिअँपिअरच्याही काही अंशांइतकाच असतो, पण अनवाणी पायांनी फरशीवर उभं राहून गाताना ओठांना तो नक्की जाणवतो.

तपासणी सोपी आहे. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. घूं थांबला तर पेटी निर्दोष. पेटीच्या धातूला हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तरी हीच शंका घ्या.

नंतर बोर्डाचं अर्थिंग बघून घ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थमध्ये जेमतेम दोन-चार व्होल्ट दिसायला हवेत. फेज-अर्थचा आकडा खूप कमी किंवा भटकता असेल, तर तिसऱ्या भोकाच्या मागे तारच नाही. जुन्या चाळी आणि वाड्यांत असं सर्रास आढळतं. हे माप वायरमनकडूनच घ्या, सवय नसताना बोर्डात प्रोब घालू नका. अर्थिंग ठीक करून तीन पिनांचा चार्जर वापरला की आवाज आणि झिणझिण्या बहुधा दोन्ही जातात. झिणझिण्यांऐवजी झटकाच बसला असेल तर सगळं बंद करा आणि विजेची तपासणी झाल्याशिवाय माइकला हात लावू नका.

घूं घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन तोडायचा सल्ला सर्रास मिळतो. तो जीवघेणा आहे. स्पीकर, अँप किंवा कॉम्प्युटरमध्ये पुढे कधी बिघाड झाला, तर करंट तुमच्या अंगातून जमिनीत जाईल.

अर्थिंग चांगलं असूनही घूं येत असेल, तर पॉवर्ड स्पीकर आणि कॉम्प्युटर वेगवेगळ्या भिंतींच्या बोर्डांवर आहेत का ते बघा. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणा, स्पीकरला बॅलन्स्ड केबल लावा. तेवढ्यानेही नाही गेला तर मधे ट्रान्सफॉर्मर असलेला आयसोलेटर टाका.

माउस हलवला की स्पीकरमध्ये कुईंकुईं होते.

हेही यूएसबीच्या अर्थमधून येणारं प्रदूषण आहे. वेगवान यूएसबीवर दर १२५ मायक्रोसेकंदाला एक ठोका असतो, म्हणून ही शीळ पुष्कळदा ८ किलोहर्ट्झला सापडते. पोर्ट बदला, माउसचा रिसीव्हर दुसऱ्या बाजूला लावा, स्पीकरला बॅलन्स्ड केबल द्या. पेटी उघडायची गरज नाही.

कंडेन्सर माइक एका चॅनेलवर चालतो, दुसऱ्यावर नाही.

फँटम पॉवर, म्हणजे पेटी माइकला पुरवते ते ४८ व्होल्ट, मोजा. माइक काढा, ४८ व्होल्ट चालू करा, मल्टिमीटर डीसीवर ठेवा. माइकच्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये, म्हणजे एक्सएलआरमध्ये, १ नंबरच्या पिनेपासून २ नंबरपर्यंत आणि मग १ पासून ३ पर्यंत मोजा. दोन्हीकडे ४४ ते ५२ च्या मधे आकडा हवा. एका पिनेवर ४८ आणि दुसरीवर शून्य असेल तर त्या पिनेचं सोल्डर किंवा तिला जोडलेला ६.८ किलोओहमचा रेझिस्टर गेला आहे. काही रुपयांचा भाग. दोन्ही पिनांवर २०-३० व्होल्टच मिळत असतील तर ४८ व्होल्ट तयार करणारा भागच थकला आहे. तेही दुरुस्त होतं, फक्त शोधायला वेळ लागतो.

फँटम चालू आणि गेन वर ठेवून माइक काढ-घाल करण्याची सवय मोडा. इनपुटच्या कॅपॅसिटरमध्ये साठलेला चार्ज त्या क्षणी प्रीअँपच्या (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या भागाच्या) तोंडात रिकामा होतो आणि हेडफोनमध्ये ‘धप्प’ ऐकू येतं. आधी गेन शून्य, मग ४८ व्होल्ट बंद, अर्धा मिनिट थांबणं, मग माइक काढणं. कार्यक्रमात मिक्सरचं एक्सएलआर आउटपुट पेटीत घेताना तर फँटम बंद आहे ना ते दोनदा बघा, कारण ते ४८ व्होल्ट मिक्सरच्या आउटपुटमध्ये उलटे घुसतात.

गेन पूर्ण चढवला तरी आवाज बारीक, आणि मागे ‘स्सऽऽ’.

माइक डायनॅमिक, म्हणजे ४८ व्होल्ट न लागणारा, आहे का? त्या जातीच्या शूअर एसएम७बीची संवेदनशीलता -५९ डीबीव्ही आहे. हळू बोलणाऱ्याला त्यावर ६० डीबीच्या आसपास गेन लागतो, आणि पुष्कळ छोट्या पेट्या तिथंच संपतात. हा बिघाड नव्हे. तोंड माइकच्या जवळ आणा किंवा मधे बूस्टर लावा. एकाच माइकवर, एकाच गेनला दोन्ही चॅनेलचं स्सऽऽ सारखं असेल तर तो त्या प्रीअँपचा स्वभाव आहे. एकाचं ठळकपणे जास्त असेल तरच दुरुस्तीचं बोला.

नॉब फिरवला की खरखर येते.

आतल्या पॉटची (नॉबखालच्या बदलत्या रेझिस्टरची) कार्बनची पट्टी धूळ आणि दमटपणाने खराब झाली आहे. पेटी बंद करून इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर पॉटच्या फटीत थोडासा मारा, नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत भरपूर फिरवा आणि वाळू द्या. बिजागरीला मारतो तो स्प्रे इथं नको. त्याचा तेलकट थर पुढे धूळ धरून बसतो. चांगलं साफ करूनही खरखर लगेच परत आली, तर पॉटच्या आधीचा कॅपॅसिटर डीसी गळवत असतो. तेव्हा पॉट बदलून उपयोग नाही, कॅपॅसिटर बदलावा लागतो.

मधेच टकटक, आवाज तुटतो.

सॉफ्टवेअरमधला बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका फेरीत हाताळतो तेवढे आवाजाचे नमुने (सॅम्पल), वाढवून बघा. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पल म्हणजे कॉम्प्युटरला प्रत्येक फेरीत फक्त २.७ मिलिसेकंद मिळतात. ५१२ केल्यावर टकटक गेली तर पेटी ठीक आहे, कॉम्प्युटरला दम लागतोय. बफर कितीही असला तरी तीच टकटक, डायरेक्ट मॉनिटरमध्येही तीच, आणि केबल बदलूनही तीच, तेव्हाच पेटीकडे बोट दाखवा.

गाणं रेकॉर्ड केलं त्यापेक्षा वरच्या पट्टीत वाजतंय!

पेटी आणि सॉफ्टवेअरचे सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, ते किलोहर्ट्झमध्ये) वेगळे आहेत. ४४.१ चं रेकॉर्डिंग ४८ ने वाजलं की सूर जवळपास दीड सेमीटोनने (संवादिनीच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांतलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) चढतो आणि लयही नऊएक टक्क्यांनी वाढते. काळी एकमध्ये गायलेलं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे कुठेतरी ऐकू येतं. दोन्हीकडे एकच रेट ठेवा.

हेडफोनमध्ये वाद्यं ऐकू येतात, गायक गायब!

हेडफोनच्या जॅकमधली समाईक अर्थ तार जोडली जात नाहीये. त्यामुळे कानांना डाव्या-उजव्यातला फरक तेवढा ऐकू येतो, आणि बरोबर मधोमध ठेवलेला गायक त्या वजाबाकीत नाहीसा होतो. प्लग पूर्ण आत दाबा. मोबाइलचा माइकवाला हेडफोन जुळवणीच्या पिनेतून लावला असेल तर ती पिन बदला. साधे हेडफोन लावूनही तसंच राहिलं तर जॅकचं सोल्डर.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

कोकणात, गोव्यात, मुंबईच्या किनाऱ्याजवळ हवेत ओल असते आणि मीठही. एक्सएलआरच्या पिनांवर हिरवट थर चढतो, जॅकच्या आतल्या पत्त्या काळवंडतात, आणि बरेच दिवस न वापरलेली पेटी खरखरत सुरू होते. पेटी बंद कपाटात ठेवण्यापेक्षा दोन-चार दिवसांनी तासभर चालवलेली बरी. तिच्या स्वतःच्या उबेने आतली ओल निघते. ठेवायचीच झाली तर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. एसी खोलीतून थेट दमट हॉलमध्ये नेलीत तर अर्धा-पाऊण तास तशीच राहू द्या, मग चालू करा. थंड बोर्डावर दव धरतं.

विजा कडकडू लागल्या की मेन्सचे प्लग काढून ठेवा, इंटरनेटची तारही. स्पाइक गार्डवर विसंबू नका. वळवाच्या वादळात न्यूट्रल तुटली तर २३० च्या जागी घरात ४०० च्या जवळपास व्होल्ट येऊ शकतात आणि त्यापुढे गार्डचं फारसं चालत नाही. गेलेली वीज आली की लगेच सगळं चालू करू नका, पाच मिनिटं जाऊ द्या.

उन्हाळ्याचंही तेच. अडॅप्टरमधल्या आणि बोर्डावरच्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचं आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. विदर्भातल्या मे महिन्यात पेटी खिडकीतल्या उन्हात किंवा गरम लॅपटॉपवर ठेवू नका. हाताला कोमट लागणं मात्र नेहमीचंच आहे.

पेटी स्वतः उघडू का?

वॉरंटी असेल तर नाही. वॉरंटी संपली असेल आणि पेटी फक्त यूएसबीवर चालणारी असेल तर उघडून बघायला हरकत नाही, केबल काढून आणि हातातली स्थिर वीज एखाद्या अर्थ केलेल्या धातूला सोडून. थेट मेन्सची तार जाणाऱ्या पेटीला मात्र हात लावू नका. तिच्या आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टपर्यंत साठा असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

उघडल्यावर सॉकेटच्या खालची बाजू टॉर्चच्या तिरक्या उजेडात भिंगाने बघा. चांगलं सोल्डर पिनेवर सलग चढलेलं दिसतं. सुटलेल्याला पिनेभोवती केसाएवढी बारीक काळी कडी पडलेली असते. समोरून उजेड टाकला तर ती दिसतच नाही. तीच कडी ‘कधी चालतं, कधी नाही’ या तक्रारीचं मूळ असते. सोल्डरिंग येत असेल तर थोडं फ्लक्स आणि नवं सोल्डर देऊन तो ठिपका पुन्हा वितळवा. अलीकडच्या बोर्डांवर शिसं नसलेलं सोल्डर असतं. ते २१७ अंशांच्या पुढे वितळतं, शिसंवालं १८३ ला. त्यामुळे गन जरा जास्त तापवावी लागते, पण जास्त वेळ धरून ठेवलीत तर बोर्डावरचा तांब्याचा पट्टा उखडतो. हात बसलेला नसेल तर हे कारागिराकडेच द्या.

दुरुस्ती करावी की नवी घ्यावी?

सॉकेट, पॉट, कॅपॅसिटर, रेग्युलेटर, ऑप-अँप यांतलं काही असेल तर दुरुस्तीच करा. हे भाग पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात, आणि ऑडिओचं काम करणारा चांगला कारागीर ते बसवून देतो. यूएसबी चिप किंवा कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारी चिप) गेला असेल तर अंदाज आधी विचारा. कन्व्हर्टर बाजारात मिळेलच असं नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानच्या नोबेओकातल्या एकेएम या कन्व्हर्टर बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्याला आग लागली, तेव्हा जगभरच्या ऑडिओ कंपन्यांना आपापल्या पेट्यांची रचना बदलून दुसरे कन्व्हर्टर घालावे लागले होते. दुरुस्तीचा खर्च तशाच नव्या पेटीच्या निम्म्यावर गेला तर मी नवी घ्यायला सांगतो, पण जुनीचे पुढचे सॉकेट आणि नॉब काढून ठेवायलाही सांगतो.

जुनी पेटी विकत घेताना काय तपासू?

विकणाऱ्याच्या घरी जाऊनच घ्या आणि स्वतःचा लॅपटॉप, केबल, एक कंडेन्सर माइक, हेडफोन बरोबर न्या. दोन्ही चॅनेलवर ४८ व्होल्ट लावून बोला. प्रत्येक नॉब सावकाश पूर्ण फिरवा. केबल प्रत्येक सॉकेटमध्ये हलकेच हलवा. दहा-पंधरा मिनिटं सलग रेकॉर्ड करत ठेवा, कारण काही बिघाड पेटी तापल्यावरच उघडे पडतात. तुमच्या ऑपरेटिंग सिस्टमसाठी त्या मॉडेलचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर आहे का ते निघण्यापूर्वीच पाहून ठेवा. फायरवायर या जुन्या प्रकारच्या पोर्टची पेटी कितीही स्वस्त मिळाली तरी, तो पोर्ट असलेला चालता कॉम्प्युटर घरात नसेल तर घेऊ नका.